तातार म्हणजे नुसते ‘रशियातले मुसलमान’ नव्हेत

‘रशियातले मुस्लिम अल्पसंख्याक’ म्हटलं की तातार बाहेरून येऊन तिथे वसले असावेत असं वाटतं. पण व्होल्गाकाठच्या बुल्गारांनी इस्लाम स्वीकारला तो 922 साली, कीव्हचा राजा व्लादिमीर ख्रिस्ती व्हायच्याही आधी. आजचे काझानचे (रशियातल्या तातारस्तान या प्रजासत्ताकाच्या राजधानीचे) तातार स्वतःला त्यांचेच वारस मानतात. मॉस्कोची सत्ता काझानवर आली ती 1552 मध्ये, रशियाचा झार चौथा इव्हान याच्या फौजेबरोबर.

शिवाय सगळे तातार मुसलमानही नाहीत. त्यांच्यातला क्र्याशेन हा गट ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आहे, बोली तातारच. (1944 मध्ये स्टालिनने मध्य आशियात हाकलले ते क्रिमियन तातार. तो समाज वेगळा, भाषाही वेगळी. ही गल्लत फार होते.)

म्हणून या समाजाला बांधून ठेवते ती भाषा, असं माझं ठाम मत आहे. आणि घाव तिच्यावरच बसलेत. शतकानुशतकं चाललेली अरबी लिपी 1920 च्या दशकाअखेर जाऊन लॅटिन आली, 1939 मध्ये तीही जाऊन सिरिलिक. आजोबांची पुस्तकं नातवंडांना वाचता येईनात. सिरिलिकमध्ये सहा जादा अक्षरं घातली, पण घशातल्या ‘क’ आणि ‘ग’ला वेगळं अक्षर दिलंच नाही. आपला ‘कलम’ तातारमध्येही आहे, उच्चार ‘कॅलॅम’. पहिला ‘क’ घशातला आहे हे कळावं म्हणून पुढे ‘ॲ’ऐवजी ‘आ’चं अक्षर लिहितात! घरी ऐकलेलं असेल तर मूल बरोबर वाचतं, नसेल तर रशियन पद्धतीने ‘कालॅम’ म्हणतं. तातारस्तानने 1999 मध्ये लॅटिनकडे परतायचा कायदा केला. 2002 च्या केंद्रीय कायद्याने सिरिलिकच सक्तीची केली आणि 2004 मध्ये घटनात्मक न्यायालयानेही तेच उचलून धरलं.

शाळेचं दुखणं याहून मोठं. 2017 पर्यंत तातारस्तानात तातार सर्वांना सक्तीची होती. आता आठवड्याला फार तर दोन तास, तेही पालकांनी लेखी संमती दिली तर. रशियन पालकांची सक्तीबद्दलची तक्रार मला समजते. पण तातार आईबापही मागे सरतात, कारण 2009 पासून शालान्त परीक्षा फक्त रशियनमध्ये देता येते. जनगणनेत तातार येतं म्हणणारे 2010 साली सुमारे 43 लाख होते, 2021 मध्ये 33 लाखांच्या आत. त्या मोजणीवर आक्षेप आहेत हे धरूनही घसरण मोठीच आहे.

दोनाचे चार तास केल्याने हे थांबणार नाही. आधी गणित-विज्ञानाचा पेपर तातारमध्ये लिहू द्या.