चावी मामांकडे आहे

गुरुवारी सोलापूरला आमच्या बँकेच्या झोनल ऑफिसात प्रमोशनचा इंटरव्ह्यू झाला. स्केल वनमधून स्केल टू. आज रविवार, तरी माझा हात मधूनच पँटच्या उजव्या खिशाकडे जातो आणि खिसा चाचपून येतो. खिशात काही नसतं. गुरुवारी होतं.

वय सेहेचाळीस, प्रयत्न दुसरा. पत्रात 'सकाळी साडेनऊ वाजता न चुकता हजर राहावे' असं होतं, म्हणून पहाटेची एसटी धरून मोहोळमार्गे आठच्या आत सोलापुरात उतरलो. यादीत माझा नंबर तेविसावा निघाला आणि आत बोलावलं ते पावणेपाचला. आता मी पंढरपूरचा माणूस, मला रांगेचं काय कौतुक? आषाढीला आमच्याकडे माणसं दर्शनबारीत अख्खी रात्र काढतात. पण बारीच्या शेवटी विठ्ठल कुणाला पासबुकाबद्दल विचारत नाही.

पासबुकाकडे येतोच. आधी चावी.

अभ्यासाची मला भीती नव्हती. 19 जुलै 1969 ला किती बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं? 14. चेक न वटल्याचं कलम 138 ज्या कायद्यात आहे तो 1881 चा, थकलेल्या कर्जाच्या वसुलीचा सरफेसी 2002 चा. ठेवीवरचा विमा पाच लाख, जीवन ज्योतीचा वर्षाचा हप्ता 436 रुपये, सुरक्षा विम्याचा 20, कर्जांपैकी प्राधान्य क्षेत्राला 40 टक्के, त्यात शेतीला 18. झोपेत विचारलं तरी सांगेन. बायकोने मंगळवारी रात्री खरंच झोपेत विचारलं, "गॅस बंद केलाय ना?" तर मी म्हणे स्पष्ट आवाजात सांगितलं, "थकलेलं कर्ज नव्वद दिवसांनंतर एनपीए."

डोक्यात एवढं भरल्यावर भीतीला बसायला तिथे जागाच उरली नाही. ती खाली उतरली. थेट मूत्राशयात.

उपाय सगळ्यांनी सांगितले होते. मुलीने मोबाइलवर श्वासाचा एक प्रकार दाखवला: चार मोजत आत घ्यायचा, सात मोजत धरायचा, आठ मोजत सोडायचा. पण मी बारा वर्षं कॅश काउंटरवर काढलेली. मोजायला लागलो की मला मध्ये थांबता येत नाही आणि अंगठा आपोआप ओल्या स्पंजाकडे जातो. तिसऱ्या श्वासाला मी थेट शंभरापर्यंत पोचलो, तेव्हा शेजारच्या मुलाने विचारलं, "सर, बरं वाटतंय ना?" आईचा उपाय म्हणजे बुक्का. तो तिने पहाटे कपाळाला लावला होता. एप्रिलातलं सोलापूर, हॉलमध्ये पंखे दोन आणि माणसं एकतीस. अकरा वाजेपर्यंत बुक्का घामाबरोबर नाकाच्या शेंड्यावर आला होता.

तर बाथरूम. झोनल ऑफिसच्या दुसऱ्या मजल्यावरचं पुरुषांचं बाथरूम कुलूपबंद असतं. का, तर खालच्या दुकानांतली माणसं वर येऊन वापरतात म्हणे. या कुलपाची एकमेव चावी मामांकडे. मामा तिथले जुने शिपाई, रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलेली, आणि त्यांचं टेबल बरोबर इंटरव्ह्यूच्या दाराशी. चावी कुणी खिशात घालून घरी नेऊ नये म्हणून ती सुतळीने एका लाकडी मुठीच्या रबरी शिक्क्याला बांधलेली. शिक्का कसला? 'रद्द'.

मी पहिल्यांदा चावी मागितली तेव्हा मामांनी ती दिली, पण टेबलावरची एक वही ओढून त्यात माझ्या नावापुढे एक रेघ मारली. मला वाटलं, हजेरी असेल. दुसऱ्यांदा दुसरी रेघ. तिसऱ्यांदा मामा रेघ मारून म्हणाले, "तीन झाले."

"काय तीन झाले?"

"खेपा वो साहेब. मी ठिवतंय की हिशोब. पंधरा वर्षं झाली."

"कशासाठी?"

मामांनी आजूबाजूला पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर लॉकरच्या खोलीत शिरताना येतो तसला भाव आला.

"तीन खेपांपर्यंतचे होतात," ते म्हणाले. "चारला फिफ्टी-फिफ्टी. पाचच्या म्होरं गेलेला एकबी झालेला मी बघितलेला न्हाई."

मी हसलो. म्हणजे हसण्याचा प्रयत्न केला. "मामा, असं कुठं असतं का?"

"आता घ्या! मागल्या खेपेला बार्शीचे एक साहेब आले हुते. आठदा गेले, आठदा."

"मग झाले का?"

"झाले की. रिटायर झाले."

"आणि जो एकदाही जात नाही?"

"तसला माणूस डायरेक वर जातंय. आत बसलेत की आता ते मोठे साहेब, पोरगं हुतं तवा ह्याच खुर्चीवर बसलेलं. सकाळी दहा ते संध्याकाळी सात. उठलं न्हाई. मी तवाच म्हणलं, हे बेनं म्होरं चेअरमन हुतंय." मग आवाज खाली आणून, "बसायची ताकद लागते साहेब. मीटिंगा असतात ना सगळ्या."

बँकेत पंचवीस-पंचवीस पानांचे मूल्यमापनाचे फॉर्म भरून घेतात, त्यात माणसाची इतकी नेमकी पारख केलेली मी कधी पाहिली नाही. "आन् नाकाला काजळी लागलीय तुमच्या," मामा म्हणाले. मी रुमालाने नाक पुसलं, मग त्याच रुमालाने कपाळ पुसलं, आणि बुक्का जिथून निघाला होता तिथे परत पोचला, फक्त आता जरा ऐसपैस.

हसण्यावारी नेतोय खरा, पण एक गोष्ट सांगतो. बायकांच्या बाथरूमची चावी त्या मजल्यावर नव्हतीच. ती तिसऱ्या मजल्यावर एका मॅडमच्या ड्रॉवरमध्ये, आणि मॅडम त्या दिवशी रजेवर. सांगोल्याहून आलेली एक ऑफिसर सकाळपासून पाण्याचा घोट न घेता बसून होती. घरी आठ महिन्यांचं बाळ. तिचा नंबर एकोणतिसावा. मामांच्या वहीत तिच्या नावापुढे एकही रेघ नव्हती. म्हणजे मामांच्या शास्त्राप्रमाणे ती चेअरमन व्हायला हरकत नाही. कोट्यवधींची कर्जं मंजूर करणाऱ्या ऑफिसात एका चावीची दुसरी प्रत करून घ्यायला किती लेखी परवानग्या लागतात, कुणास ठाऊक.

जेवणानंतर माझी चौथी खेप झाली. फिफ्टी-फिफ्टी. आणि मग चहा. तो चहा मामाच आणत होते, दर तासाला, आणि नको म्हणायची सोय नव्हती. "घ्या की वो. चहा न्हाई घेतला तर घाबरलाय म्हणत्यात." एकीकडून भरायचं, दुसरीकडून रेघा मारायच्या, आमचं क्रॉस सेलिंगचं टार्गेटसुद्धा इतक्या पद्धतशीरपणे कुणी राबवत नाही. हप्ता थकलेलं कर्जाचं खातं एनपीए होण्याआधी कसं तीस दिवसांपर्यंत एसएमए-शून्य, साठपर्यंत एसएमए-एक, नव्वदपर्यंत एसएमए-दोन असं घसरत जातं, तसा मी खुर्चीवर एकेक इंच घसरत होतो. साडेचारला मी आतून नव्वद दिवसांचा झालो.

एक सेहेचाळीस वर्षांचा, दोन मुलांचा बाप, सोसायटीचा खजिनदार, रेघेला घाबरून मांडी घालून बसतो, हे मला तेव्हाही दिसत होतं. पण प्रमोशनचं पाणीच असं असतं. ते झालं तर बदली नक्की, तीही कदाचित परराज्यात. म्हणजे बायको-मुलं पंढरपुरात आणि मी कुठल्यातरी गावात मेसचा डबा खात. असं प्रमोशन हवंय का, हे मला अजून नीट माहीत नाही. नाकारलं जायला नको, एवढं मात्र नक्की माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी माझ्याच हाताखाली शिकलेला मुलगा झाला आणि मी राहिलो. त्याला पेढा मीच भरवला होता.

तर शेजारच्या त्या मुलाला मी हळूच म्हटलं, "तुझ्या किती रेघा झाल्यात?"

"एक."

"मग जरा तुझ्या नावावर चावी घेऊन येतोस?"

पोरगं गुणी. घेऊन आलं. मामांनी त्याच्या नावापुढे दुसरी रेघ मारली आणि कॉरिडॉरच्या वळणावर चावी माझ्या हातात आली. आयुष्यभर लोकांकडून केवायसीची कागदपत्रं मागणाऱ्या माणसाने केलेला हा पहिला बेनामी व्यवहार. पाच मिनिटं अतिशय सुखाची गेली. बाहेर आलो, कुलूप लावलं, चावी शिक्क्यासकट खिशात टाकली, आणि तेवढ्यात दारातून माझं नाव पुकारलं गेलं.

आत तीन जण. मधले मोठे साहेब बाहेरच्या राज्यातले, डावीकडे एक मॅडम, उजवीकडे जनरल ॲडमिनिस्ट्रेशनचे साहेब. मी बसलो. शिक्क्याची मूठ मांडीत रुतली.

"पंढरपूर शाखा?" उजवीकडचे साहेब म्हणाले. "तुमच्या शाखेतला पासबुक प्रिंटर का बंद आहे?"

मी 1969 घेऊन तयार बसलेलो.

"आमचे सासरे तुमच्या शाखेत पेन्शन घेतात. ब्याऐंशी वर्षांचे आहेत. चार वेळा हेलपाटा झाला त्यांचा. एन्ट्री मारून मिळत नाही. घरी मला ऐकून घ्यावं लागतं."

मोठ्या साहेबांनी मान हलवली. "कस्टमर सर्विस," ते म्हणाले. मॅडमनी काहीतरी लिहून घेतलं.

आता वस्तुस्थिती सांगतो. प्रिंटरचं हेड दसऱ्याला गेलं. मेन्टेनन्सचा करार संपलेला. तो नवा करायचा अधिकार शाखेला नाही, झोनल ऑफिसच्या जनरल ॲडमिनिस्ट्रेशनला आहे. म्हणजे समोर बसलेल्या साहेबांना. मी त्यांच्या खात्याला सहा पत्रं पाठवली आहेत. उत्तर एकाचंही नाही. रोज काउंटरवर म्हातारी माणसं पासबुक पुढे करतात आणि मी 'मोबाइलवर बघा' म्हणतो. त्यांच्याकडे असतो तो बटणांचा फोन. त्यांच्या शिव्या मी सहा महिने खातोय.

हे सगळं मला बोलता आलं असतं. तारखांसकट पाठ होतं, कलम 138 पेक्षा पक्कं. पण जीभ टाळूला चिकटली, खिशातल्या शिक्क्यावर हात गेला, आणि माझ्या तोंडून जे बाहेर आलं ते असं: "हो सर. आमचीच चूक आहे. लक्ष घालतो."

लक्ष घालतो! जणू सहा महिने मी प्रिंटरकडे पाठ करून उभा होतो.

साहेब समाधानाने मागे रेलले. उरलेला इंटरव्ह्यू पासबुकावरच झाला. प्राधान्य क्षेत्र नाही, एनपीए नाही, काही नाही. शेवटी मोठ्या साहेबांनी माझ्या कपाळाकडे जरा वेळ पाहून विचारलं, "हॉबी क्या है आपकी?" मी तोंड उघडलं आणि दार वाजलं.

मामा. हातात चहाचा ट्रे.

त्यांनी तीन कप ठेवले, माझ्याकडे वळले आणि त्या शांत खोलीत नेहमीच्या आवाजात म्हणाले, "साहेब, चावी."

मी खिशात हात घातला. सुतळी किल्ल्यांत अडकली. ती सोडवायला मला उभं राहावं लागलं. शेवटी 'रद्द'चा शिक्का बाहेर आला आणि टेबलावरच्या काचेवर ठक्कन आपटला. तिघेही वाकून वाचू लागले.

"ही तर त्या बारीक पोराच्या नावावर गेल्याली," मामा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, दुःख होतं. "तुमची पाचवी धरू का मग?"

"धरा," मी म्हणालो.

"थँक यू, यू मे गो," मॅडम म्हणाल्या. दिवसभरात माझ्याशी त्या बोललेलं हे एकमेव वाक्य.

परतीच्या एसटीत मला सगळी उत्तरं आली. मोहोळ येईपर्यंत मी त्या साहेबांना तीनदा निरुत्तर केलं होतं, एकदा तर शेजारच्या प्रवाशाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. त्याने पिशवी उचलली आणि मागच्या सीटवर जाऊन बसला.

निकाल अजून लागायचा आहे. पण शुक्रवारी संध्याकाळी झोनल ऑफिसचा मेल आला. जनरल ॲडमिनिस्ट्रेशनकडून, सहा महिन्यांत पहिलाच. पंढरपूर शाखेचा पासबुक प्रिंटर इतके दिवस नादुरुस्त का, आणि ही बाब वेळीच वरिष्ठांच्या निदर्शनास का आणली नाही, याचं लेखी स्पष्टीकरण सोमवारी अकराच्या आत पाठवावं.

आज दुपारपासून ते लिहायला बसलोय. विषय लिहून झाला. संदर्भात आधीची सहा पत्रं तारखांसकट घातली. 'हो सर, आमचीच चूक आहे' हे मी तिघांसमोर बोलून बसलोय, ते काही या कागदात येत नाही. तोंडी होतं, एवढंच नशीब. मामांनी तेवढं वहीत घेतलं नसलं म्हणजे मिळवली.