बाळंतिणीच्या हातात पैसा कधी पडतो?

लाडकी बहीण योजनेच्या दीड हजार रुपयांवरून महाराष्ट्रात २०२४ पासून वाद चालू आहे. एक बाजू म्हणते, खात्यात पैसे टाकून काही सुधारत नाही, त्यापेक्षा दवाखाने नीट चालवा. दुसरी म्हणते, बाईच्या हातातला पैसा मुलाबाळांवरच खर्च होतो, तेव्हा द्या. अमेरिकेतून हा वाद वाचताना एक गोष्ट खटकते. किती द्यायचे आणि कुणाला द्यायचे यावर सगळे बोलतात. पैसा कोणत्या आठवड्यात पोहोचतो यावर जवळजवळ कुणी बोलत नाही. इथल्या कृष्णवर्णीय बायकांच्या बाळंतपणाचा प्रश्न बऱ्याच अंशी त्या आठवड्यांचाच आहे.

२०२३ मध्ये अमेरिकेत दर लाख जिवंत जन्मांमागे ५०.३ कृष्णवर्णीय माता दगावल्या. गोऱ्या मातांचा आकडा होता १४.५. महाराष्ट्राचा २०१८-२० चा आकडा ३३ आहे. मोजण्याच्या पद्धती वेगळ्या आहेत, त्यामुळे ही तुलना काटेकोर नाही, पण दवाखान्यांची रेलचेल असलेल्या देशात असं का होतं हा प्रश्न त्यातून उभा राहतोच. गरिबी आणि अशिक्षितपणा एवढंच उत्तर पुरत नाही. शॅलन अर्विंग या देशाच्या रोगनियंत्रण केंद्रात, सीडीसीमध्ये, साथरोगतज्ज्ञ होत्या. २०१७ मध्ये बाळंतपणानंतर तीन आठवड्यांत उच्च रक्तदाबाच्या गुंतागुंतीने त्या गेल्या. त्या काळात त्या वारंवार डॉक्टरांकडे जात होत्या. कृष्णवर्णीय बाईची तक्रार कमी गांभीर्याने घेतली जाते, हे इथल्या संघटना वर्षानुवर्षं सांगत आल्या आहेत.

आता वेळेचं गणित पाहा. २०१७ ते २०१९ दरम्यानच्या गर्भारपणाशी निगडित मृत्यूंची ३६ राज्यांतल्या समित्यांनी छाननी केली. त्यातले निम्म्याहून अधिक मृत्यू प्रसूतीनंतर सात दिवस ते एक वर्ष या काळात झाले होते आणि पाचांपैकी चारांहून अधिक टाळता येण्यासारखे होते. नैसर्गिक बाळंतपणानंतर साधारण दोन दिवसांत घरी पाठवतात. रक्तदाब सर्वाधिक चढतो तो तिसऱ्या ते सहाव्या दिवशी, म्हणजे बाई घरी असताना. नेहमीची तपासणी सहा आठवड्यांनी, आणि तिलाही खूप बायका जाऊ शकत नाहीत: रजा नाही, गाडी नाही, मोठं मूल सांभाळायला कुणी नाही.

वस्तीतल्या छोट्या संस्थांना दिलेला पैसा या खिंडारात उपयोगी पडतो. चाळीस-पन्नास डॉलरचं दंडावर बांधायचं रक्तदाबयंत्र घरी द्यायचं, आणि देताना दंडाचा घेर टेपने मोजायचा. ही पायरी हमखास गाळली जाते. जाड दंडावर लहान पट्टा बांधला की आकडा खोटा वाढून दिसतो, बाई रात्री धावतपळत इस्पितळात जाते, तिथे रक्तदाब ठीक निघतो, आणि पुढच्या खऱ्या वेळी ती जातच नाही. पाच मिनिटं पाठ टेकून बसायचं, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला, दिवसातून दोनदा मोजायचं. १४०/९० च्या वर गेलं तर त्याच दिवशी फोन. १६०/११० दिसलं तर थेट इस्पितळ, आणि दारातच सांगायचं की अलीकडेच बाळंतपण झालं आहे. हे शेवटचं वाक्य प्रत्येकीकडून म्हणवून घ्यायला हवं, कारण तातडीच्या विभागात बाळ सोबत नसेल तर कुणाच्या ते लक्षातही येत नाही.

हे काम दुला करते. दुला म्हणजे गरोदरपणात, कळा सुरू असताना आणि नंतर सोबत करणारी प्रशिक्षित बाई. ती औषध देत नाही. ऑरेगन राज्यात मेडिकेड, म्हणजे गरिबांचा सरकारी आरोग्य विमा, एका बाळंतपणामागे तिला ३५० डॉलर देत असे. रात्ररात्र जागून, भेटींना जाऊन आणि बिलं भरून एवढ्यात कुणाचं घर चालत नाही. २०२२ मध्ये ती रक्कम १,५०० झाली. तरीही बिल नाकारलं गेलं की ते पुन्हा भरायचं काम तिचंच.

संस्थांना मिळणाऱ्या अनुदानातही हाच दोष आहे. बरीच सरकारी अनुदानं परतफेडीच्या तत्त्वावर असतात: आधी स्वतःचे खर्च करा, पावत्या लावा, मग पैसे. मोठ्या इस्पितळाला ते जमतं. चार बायकांच्या संस्थेकडे तीन महिन्यांचे पगार शिल्लक नसतात, म्हणून ती अर्जच करत नाही, आणि ‘समुदायासाठी’ आलेला निधी इस्पितळाच्या जनसंपर्क विभागात जिरतो. आगाऊ हप्ता नसलेल्या निधीला सामुदायिक म्हणणं मला पटत नाही.

मिशिगनमधल्या फ्लिंट शहराने दुसरी वाट धरली. जानेवारी २०२४ पासून तिथल्या ‘आरएक्स किड्स’ योजनेत गरोदरपणात १,५०० डॉलर आणि बाळाच्या पहिल्या वर्षी दरमहा ५०० डॉलर मिळतात. उत्पन्नाची अट नाही, खर्चाचा हिशेब नाही. बालरोगतज्ज्ञ मोना हॅना यांचा त्यात पुढाकार आहे; खासगी प्रतिष्ठानांचा पैसा आणि सरकारी निधी एकत्र केला आहे. वंशाचीही अट नाही, शहराचा रहिवास पुरतो. फ्लिंटमध्ये कृष्णवर्णीय वस्ती मोठी असल्याने मदत जिथे पोहोचायची तिथे पोहोचते. सॅन फ्रान्सिस्कोत मात्र कृष्णवर्णीय आणि पॅसिफिक बेटांवरच्या मातांसाठीच काढलेली योजना न्यायालयात ओढली गेली. अन्याय वंशावर आधारलेला असताना उपायात वंशाचं नाव घेता येऊ नये, हे मला चूक वाटतं. पण चालू योजना मध्येच बंद पडली तर भोगावं लागतं ते बाळंतिणीलाच, म्हणून सध्या तरी वस्ती धरून आखणी करणंच शहाणपणाचं आहे.

आता घरचं. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये आहेत. त्यातले ३,००० नोंदणी आणि तपासणीनंतर, आणि २,००० जन्मनोंदणी व पहिल्या लसीकरणानंतर. आधारवर नाव माहेरचं, खातं सासरच्या नावाने, असा घोळ झाला की बाळ रांगायला लागलं तरी पैसे अडकलेले असतात. आशाताईंचंही तेच. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांत आरोग्यदूतांकरवी नवजात बाळांची घरीच काळजी घेऊन बालमृत्यू कमी करून दाखवले; तो अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. पुढे देशभर तीच पद्धत आशांकडे आली: इस्पितळातल्या बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरभेट. अमेरिकेतल्या बहुतेक बाळंतिणींना इतक्या भेटी मिळत नाहीत. पण सहाही भेटी झाल्यावर आशाला मिळतात २५० रुपये, आणि पगाराऐवजी मोबदला, म्हणून त्यांना आझाद मैदानावर बसावं लागतं.

इथली महाराष्ट्र मंडळं दरवर्षी गावाकडच्या कामासाठी देणग्या गोळा करतात. देताना संस्थेला तीन प्रश्न विचारावेत: घरी जाणाऱ्या बाईला महिन्याला ठरलेला पगार आहे का, पहिला हप्ता आगाऊ द्यायचा का, आणि पहिली घरभेट तिसऱ्या दिवसाच्या आत होते का. शेवटच्या प्रश्नाला ‘नाही’ उत्तर आलं, तर आधी तिच्या प्रवासखर्चाची सोय करावी.