‘समुद्राकाठची गाडी दहा वर्षांत भंगार’: एका फॉरवर्डला उत्तर

गणपतीला पंधरा दिवस उरले की आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप गटावर दोन गोष्टी हमखास येतात. एक, रेल्वेच्या तिकिटांची रड. दुसरी, जुन्या गाडीबद्दलचा एक लांबलचक मजकूर. यंदा तो तिघांनी टाकला, आणि त्यातले दोघे बोरिवलीला राहतात. ज्यांच्यापर्यंत तो पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो:

‘कोकणात जुनी गाडी ठेवू नका. खाऱ्या हवेने दहा वर्षांत पत्रा सडतोच. वाचवायचाच असेल तर दर मे महिन्यात खालून जळकं ऑइल मारा. सकाळी स्टार्ट झाली नाही तर बॅटरी बदला. घाटात तापत असेल तर थर्मोस्टॅट काढून टाका आणि साधं पाणी भरा. एसी गार करत नसेल तर दर उन्हाळ्यात गॅस भरा. गाडी जेवढी कमी वापराल तेवढी जास्त टिकेल. आणि पंधरा वर्षं झाली की कायद्यानेच ती भंगारात जाते.’ खाली ‘कोकणी बांधवांच्या हितासाठी’ आणि जोडलेले तीन हात.

आमची गाडी २००९ सालची, पेट्रोलची. रत्नागिरीत समुद्रापासून दीडेक किलोमीटरवर उभी असते. मी मेकॅनिक नाही, पण तिच्यासोबत गॅरेजच्या बाकड्यावर बसून बरीच दुपार घालवली आहे. वरच्या सात सल्ल्यांपैकी बहुतेक सल्ले मी कधी ना कधी पाळले, त्याचे पैसेही मोजले. त्यामुळे हे उत्तर थोडं तिरकस वाटलं तर समजून घ्या.

पत्र्याचं पहिलं, कारण त्यात निम्मं खरं आहे. हवेतलं मीठ पत्र्यावर बसतं आणि ओलावा धरून ठेवतं. त्या खारट ओलीत गंज साध्या पाण्यापेक्षा कितीतरी वेगाने धरतो. पण रंग शाबूत असलेल्या पत्र्याला वरून सहसा काही होत नाही. गाडी सडते ती खालून आणि आतून, आणि त्यात समुद्राइतकाच हात आपल्या लाल चिखलाचा असतो. चाकाच्या कमानीच्या आतल्या घडीत, दाराखालून जाणाऱ्या पोकळ पट्टीत (मेस्त्री तिला सिल म्हणतात) जांभ्याचा चिखल जाऊन बसतो, आणि पाऊस गेला तरी दिवाळीपर्यंत ओला राहतो. प्रत्येक दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. ती बुजली की काचेच्या फटीतून उतरलेलं पाणी दारातच साठतं. दार उघडताना आत पाणी डुचमळलं तर समजावं. वायपरखालच्या जाळीत सुरूच्या काड्या आणि आंब्याचा पाला अडकला की तिथलं पाणी पायाखालच्या गालिच्यात उतरतं, आणि गालिच्याखालचा पत्रा वर्षभर कुणाला दिसत नाही.

म्हणून कामं दोन, आणि दोन्ही फुकटातली. पावसाळ्याआधी नि नंतर ही भोकं सायकलच्या तारेने मोकळी करायची आणि कमानीतला चिखल नळी मारून काढायचा. दुसरं, नोव्हेंबर ते मे दर पंधरवड्याला गाडी खालून गोड्या पाण्याने धुवायची. लोक उलटं करतात. पावसात धुतात, कारण तेव्हा गाडी मळते. पण जुलैत मीठ पाऊसच धुऊन नेतो. मीठ साठतं ते कोरड्या दिवसांत, जेव्हा रोज दुपारी खारा वारा सुटतो आणि धुवायला वरून काहीच पडत नाही. पुळणीवर गाडी नेऊन लाटेतून फोटो काढणाऱ्यांनी मात्र पंधरवड्याची वाट बघू नये, त्याच संध्याकाळी नळी लावावी.

आणि ते जळकं ऑइल. होडीच्या लाकडाला काजूच्या टरफलाचं तेल लावतात, ते बघून कुणाला तरी हे सुचलं असावं. पण होडीला रबरी बुश, म्हणजे सांध्यांतले धक्का झेलणारे रबराचे तुकडे, नसतात. जळक्या ऑइलमध्ये आम्ल असतं, पाणी असतं, इंजिनातली घाण असते. ते बुश, एक्सलचे बूट, ब्रेकचे होज या सगळ्या रबराला फुगवतं. ब्रेकच्या डिस्कवर उडालं तर विचारायलाच नको. वर धूळ बसून असा काही थर होतो की खाली काय सडतंय ते मेस्त्रीलाही दिसत नाही. जूनच्या पहिल्या सरीत त्यातलं निम्मं वाहून शेजाऱ्याच्या विहिरीकडे जातं ते वेगळंच. गंजावर थेट काळं रबरी कोटिंग मारणं हेही त्याच जातीचं. आत ओल कोंडते आणि पत्रा झाकणाखाली सडत राहतो. आधी तारेच्या ब्रशने घासून गंज काढायचा, गंज बांधणारं रसायन लावायचं, मग इपॉक्सी प्रायमर, मग रंग, आणि पोकळ भागात मेणाचा फवारा. याला एक रविवार जातो.

पत्रा खरंच गेला का हे बघायला स्क्रूड्रायव्हरची मूठ पुरते. ठोकत जा. खणखणीत वाजतो तो जिवंत, भद्द वाजतो तिथे टोक दाबून बघा. आमच्या गाडीत उजव्या सिलच्या मागच्या टोकाला स्क्रूड्रायव्हर आरपार गेला होता. कापून नवा पत्रा वेल्ड करून घेतला. सिल निभावते. पण सस्पेन्शन जिथे बॉडीला बसतं, सीटबेल्ट जिथे बोल्ट होतो, चासीची मुख्य पट्टी, यांत टोक आत गेलं तर फॉरवर्डवाल्यांचं म्हणणं मला मान्य आहे. ती गाडी घाटात नेऊ नका.

आता बॅटरी. या एका सल्ल्यावर आमच्या घरातून दोन बॅटऱ्या खर्ची पडल्या. सकाळी चावी फिरवली की ‘टक्’ आणि पुढे शांतता. पहिल्यांदा बॅटरी बदलली, महिनाभर ठीक. पुन्हा ‘टक्’. गॅरंटीत दुसरी घेतली, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी सेल्फ खोलायचं ठरलं होतं, तेवढ्यात शेजारच्या वायरमननं, जो गाड्यांचा नाही, घरांचा आहे, आपला मीटर आणला.

त्यानं जे केलं ते कुणालाही जमेल. गाडी रात्रभर उभी असताना बॅटरीच्या दोन टोकांवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसलं तर बॅटरी भरलेली आहे. १२.० च्या खाली गेलं तर जवळपास रिकामी. सेल्फ मारताना हा आकडा ९.६ च्या खाली कोसळला, आणि बॅटरी आधी नीट चार्ज केलेली होती, तर दोष बॅटरीचा. गाडी चालू असताना १३.८ ते १४.५ दिसायला हवं. त्याहून कमी असेल तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा. आमचे तिन्ही आकडे ठणठणीत होते. मग त्यानं मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनस टोकावर, म्हणजे क्लॅम्पवर नव्हे, शिशाच्या खुंटीवर, आणि दुसरं थेट इंजिनाच्या घासून काढलेल्या लोखंडावर धरलं आणि मला सेल्फ मारायला सांगितलं. इथे जेमतेम ०.२ व्होल्ट दिसायला हवा, अर्ध्याच्या वर गेला तर दोष नक्की. आमचा १.८ होता.

म्हणजे इंजिनापासून बॅटरीपर्यंत परतीची वाटच बुजली होती. गिअरबॉक्सवरून बॉडीला येणारा अर्थचा पट्टा वरून ठीक दिसत होता, पण बोल्टखाली हिरवी पूड धरली होती आणि तारा आतून सडल्या होत्या. नवा पट्टा दोन-अडीचशे रुपयांना आला, त्याखालचा पत्रा घासून चकचकीत केला, वर पेट्रोलियम जेली फासली. त्या जेलीचं गणित तेवढं लक्षात ठेवा. आधी घासायचं, मग आवळायचं, मग जेली. उलट क्रमाने केलं तर मीठच आत सीलबंद होतं. बॅटरीच्या टोकांवरची पांढरी पूड गरम पाण्यात खायचा सोडा टाकून निघते, पण क्लॅम्प काढून आतूनही घासायला हवं.

माझं मत विचाराल तर खाऱ्या हवेत राहणाऱ्या जुन्या गाडीचे विजेचे आजार बहुतेक असे जोडांचे असतात. एक हेडलाइट मंद, इंडिकेटर दिला की टेललाइट लुकलुकतो, काटे अधूनमधून नाचतात. अशा वेळी पार्ट नव्हे, अर्थ शोधा. पार्ट विकणाऱ्याला हे सांगण्यात काय रस असणार?

घाटात तापण्याचा सल्ला सगळ्यांत धोक्याचा. थर्मोस्टॅट हा इंजिनातलं पाणी रेडिएटरकडे सोडणारा, साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडणारा दरवाजा आहे. तो बंद अवस्थेत अडकला तर गाडी तापते हे खरं. पण त्यावर उपाय नवा थर्मोस्टॅट. काढून टाकला तर इंजिन थंडच चालतं, पेट्रोल जास्त खातं, ऑइलमध्ये ओल राहून चिकटा धरतो. काही इंजिनांत तर पाण्याची आडवाट उघडीच राहते, मग निम्मं पाणी रेडिएटरमध्ये न जाताच फिरतं आणि गाडी आणखी तापते.

कारण शोधायला तापमानाचा काटा कधी चढतो ते बघा. पालीच्या नाक्यावर ट्रॅफिकमध्ये चढतो नि गाडी पळायला लागली की उतरतो, तर पंखा, त्याचा फ्यूज किंवा रिले. आंबा घाट चढताना, वेगात असूनही चढतो, तर रेडिएटर आतून चोंदलाय किंवा बाहेरच्या पाकळ्या मिठाने झडल्यात, नाहीतर वॉटर पंप थकलाय. बाहेर थेंब नाही तरी कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रावण) दर आठवड्याला कमी होतं, एक्झॉस्टमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो, तर हेड गास्केट, म्हणजे इंजिन आणि त्याचं वरचं झाकण (हेड) यांमधलं सील, गेलंय. ऑइलच्या झाकणाखाली दुधी फेस दिसला तर घाबरून इंजिन उतरवू नका. पावसाळ्यात रोज बाजारापर्यंत दोन किलोमीटर जाऊन येणाऱ्या गाडीत तो नुसत्या दमटपणानेही येतो. तासभर लांब चालवून पुन्हा बघा, आणि डिपस्टिकवरचं ऑइलही बघा. ते दुधी असेल तर मात्र गास्केट.

राहिलं साधं पाणी. आपल्याकडे साधं पाणी म्हणजे विहिरीचं, आणि किनाऱ्यालगतच्या कितीतरी विहिरी मे महिन्यात मचूळ होतात. ते पाणी ॲल्युमिनियमच्या रेडिएटरला नि हेडला आतून खातं. कूलंटमध्ये गंज रोखणारी रसायनं असतात, आणि त्याचा उत्कलनबिंदूही पाण्याहून वर असतो. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी. घाटात अडलात तर बिसलेरी ओता, नाइलाज आहे, पण इंजिन निवल्यावरच झाकण उघडा, आणि घरी आल्यावर ते सगळं काढून नीट भरा.

एसीचं लवकर उरकतो. गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. दरवर्षी कमी होतो याचा अर्थ तो दरवर्षी गळतो. समुद्राकाठी आधी संशय पुढच्या कंडेन्सरवर, म्हणजे एसीचा गॅस निववणाऱ्या जाळीवर, घ्यावा, मीठ आणि खडी दोन्ही त्यालाच खातात. गळती शोधल्याशिवाय गॅस भरणाऱ्याला पैसे देऊ नका. त्याआधी डॅशबोर्डमागचा फिल्टर काढून बघा, आमच्यात एकदा त्यात उंदराचं घरटं निघालं होतं.

‘कमी वापरा, जास्त टिकेल’ हे वाचून मला गावोगावच्या ताडपत्रीखालच्या गाड्या आठवतात, ज्या गणपतीला नि मे महिन्यातच बाहेर निघतात. हे गाड्यांचं वृद्धाश्रम आहे. ताडपत्रीखाली ओल कोंडते, उंदीर वायरी कुरतडतात, बॅटरी झिरपत झिरपत मरते, टायर एका जागी चपटे होतात. पावसाळाभर हँडब्रेक ओढून ठेवलेला असेल तर मागचे लायनर ड्रमला चिकटतात. गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला चिऱ्याचा तुकडा लावा, हँडब्रेक नको. पेट्रोलचंही तेच. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि इथेनॉल ओलावा ओढतं. चार-सहा महिने अर्धवट टाकीत ते ठेवू नये, आणि जुन्या गाडीचे पेट्रोलचे रबरी पाइप दरवर्षी वाकवून भेगा बघाव्या.

यात सगळ्यांत दुर्लक्षित म्हणजे ब्रेक ऑइल. ते किलोमीटर मोजत नाही, वर्षं मोजतं, कारण ते हवेतला ओलावा पितं. डॉट-३ प्रकारचं ब्रेक ऑइल नवं असताना २०५ अंशांना उकळतं, ओलावा प्यायलेलं १४० च्या आसपासच. वर्षात हजार किलोमीटर चाललेली, मुरलेल्या ब्रेक ऑइलची गाडी भरल्या माणसांनिशी घाट उतरते, ब्रेक तापतात, ऑइलात वाफ होते आणि पायाखालचं पेडल मऊ पडतं. दोन वर्षांनी बदला, मग गाडी चाललेली असो वा नसो. आणि ज्या गिअरवर घाट चढता त्याच गिअरवर उतरा. एखादं चाक विनाकारण गरम होत असेल तर कॅलिपरची (डिस्कवर ब्रेक दाबणाऱ्या चिमट्याची) पिन मिठाने अडकलीय. मायलेज पडलं म्हणून इंजिनाचं काम काढायच्या आधी चारही चाकांजवळ हात नेऊन बघा.

शेवटचा मुद्दा कायद्याचा, आणि तो सरळसरळ चूक आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४१ नुसार खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, आणि पुढे तपासणीत पास झाली तर एका वेळी ५ वर्षांसाठी वाढते. दहा वर्षांवरची डिझेल आणि पंधरा वर्षांवरची पेट्रोल गाडी चालवायची नाही हा नियम दिल्ली परिसरासाठी होता, रत्नागिरीसाठी नव्हे. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरची वाहनं सक्तीने भंगारात काढायची ती सरकारी खात्यांची. फॉरवर्ड लिहिणाऱ्यानं या दोन्हींची खिचडी केलेली दिसते. आपल्याला लागतो तो फॉर्म २५, मुदत संपायच्या आधीच्या ६० दिवसांत भरायचा, शिवाय राज्याचा हरित कर आणि पीयूसी. २०२४ मध्ये नूतनीकरणाची फी ५,००० रुपये होती. तपासणीच्या दिवशी आमच्या गाडीचं एकच काम निघालं, नंबरप्लेटवरचा दिवा. त्याचाही बल्ब चांगला होता, होल्डरच्या अर्थला हिरवी पूड धरली होती.