अप्रेंटिस म्हणजे बँकेत चिकटणं नव्हे

दर दोन-तीन महिन्यांनी तोच मेसेज फिरून येतो. मोठ्या बँकेत कस्टमर सपोर्टची भरती, परीक्षा नाही, 15,000 पगार, वर्षभराने कायम, एसीत बसून नुसते फोन घ्यायचे, मराठी मुलांपर्यंत पोहोचवा. शेवटी एक मोबाइल नंबर. गेल्या आठवड्यात तो मला मामांनी पाठवला. मी सोलापूर जिल्ह्यात एका मोठ्या बँकेच्या शाखेत वर्षभर अप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ उमेदवार, होते हे त्यांना ठाऊक आहे. तरी पाठवला. म्हणून आता सगळंच लिहून टाकते.

आधी नावाचा घोळ. स्टेट बँकेत क्लार्कच्या पदाला 'ज्युनिअर असोसिएट (कस्टमर सपोर्ट अँड सेल्स)' म्हणतात. 2025 पासून बाकी सरकारी बँकांची भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएस या संस्थेनेही क्लार्कचं नाव 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' केलं. ही कायम पदं, पूर्व आणि मुख्य अशा दोन परीक्षांची. स्टेट बँकेत पदवीधराचं सुरुवातीचं मूळ वेतनच 26,730 आहे, भत्ते वेगळे. अप्रेंटिसची जाहिरात निराळी निघते. मेसेजवाल्याने नाव आणि 'कायम' हा शब्द इकडून घेतला, 15,000 तिकडून.

'परीक्षा नाही' हे बँकेगणिक बदलतं. स्टेट बँक अप्रेंटिससाठी ऑनलाइन परीक्षा घेते. कॅनरा बँकेने 2024 साली बारावीच्या किंवा डिप्लोमाच्या गुणांवर यादी लावली. स्थानिक भाषेची चाचणी मात्र असते. दहावी-बारावीला मराठी विषय असेल तर बहुतेक वेळा तीही माफ.

पगाराबद्दल. तो पगार नसतो, विद्यावेतन असतं, आणि हा शब्दांचा खेळ नाही. 1961 च्या अप्रेंटिस कायद्याचं कलम 18 सांगतं की अप्रेंटिस हा शिकाऊ आहे, कामगार नाही. त्यामुळे महागाई भत्ता नाही, घरभाडं नाही, पीएफ नाही. कामावर अपघात झाला तर भरपाई मिळते, ती कलम 16 मुळे. कॅनराच्या जाहिरातीत 15,000 ची फोडही दिली होती: 10,500 बँकेचे, 4,500 सरकारचे. दिवाळीला शाखेत बाकीचे बोनसची चर्चा करत होते तेव्हा मी आवक-जावक रजिस्टर भरत होते. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

'वर्षभराने कायम' हे वाक्य सगळ्यात जास्त मुलांना फसवतं. प्रशिक्षण संपल्यावर नोकरी देण्याचं बंधन बँकेवर नाही आणि ती घेण्याचं तुमच्यावर नाही; त्याच कायद्याच्या कलम 22 मध्ये आधी हे स्पष्ट लिहिलेलंच होतं. 2014 च्या दुरुस्तीने त्या जागी एवढंच आलं की अशा उमेदवारांच्या भरतीचं धोरण प्रत्येक मालकाने स्वतः ठरवावं. स्टेट बँकेने आपल्याकडे प्रशिक्षण पूर्ण केलेल्यांना क्लार्क भरतीत 200 पैकी 5 बोनस गुण आणि खुल्या गटाला वयात एक वर्षाची सूट दिली होती. मुख्य परीक्षा ज्यांनी दिली आहे त्यांना 5 गुणांची किंमत सांगायला नको. पण परीक्षा द्यावी लागतेच.

आता 'नुसते फोन घ्यायचे'. माझ्या टेबलावर फोन नव्हताच. 'चौकशी' अशी पाटी होती आणि समोर गर्दी. सिस्टीमचा आयडी मिळाला नाही, तेही बरोबरच होतं. बँकेत एकाने नोंद करायची, दुसऱ्याने पास करायची आणि दोघंही जबाबदार. शिकाऊ पोरीच्या हातात लोकांचे पैसे कोण देईल? म्हणजे माझ्याकडे उरलं ते माणसाचं ऐकून घेणं, फॉर्म भरून देणं आणि नेमक्या टेबलाकडे धाडणं. सोपं वाटतं?

2024 च्या जुलै-ऑगस्टमध्ये लाडक्या बहिणीचे अर्ज सुरू झाले आणि शाखेबाहेर पायरीपर्यंत रांग लागली. एक आजी तीनदा आल्या. "आधार तर कवाच दिलंय की गं बाळा, मग पैसं कुठं गेलं?" आधार दिलं होतं हे खरं, पण केवायसीसाठी, म्हणजे ओळख पटवायला. खात्याला आधार जोडलेलं असणं वेगळं आणि सरकारी पैशांसाठी एनपीसीआयच्या (बँकांमधले ऑनलाइन व्यवहार चालवणारी संस्था) यादीत त्या बँकेचं नाव लागणं वेगळं. तिथे एका आधारापुढे एकच बँक असते, जी शेवटी लागली ती. आजींच्या मुलाच्या मोबाइलवर ओटीपी मागवून आधारच्या संकेतस्थळावर पाहिलं, तर नाव निघालं दुसऱ्याच बँकेचं. जनधनच्या वेळी शिबिरात उघडलेलं खातं, पासबुकाचा पत्ता नाही. पैसे तिथे पडून होते. हे मला कोणत्याही वर्गात शिकवलं नव्हतं. शेजारच्या टेबलावरच्या मॅडमनी चहा पिता पिता सांगितलं होतं.

एटीएमचंही तसंच. पैसे आले नाहीत पण खात्यातून गेले, अशी तक्रार रोज एखादी. रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या परिपत्रकानुसार व्यवहारानंतर 5 दिवसांत रक्कम परत यायला हवी. पुढे उशिराच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये, ग्राहकाने न मागता. हे सांगितलं की आवाज चढवून आलेला माणूस खुर्ची ओढून बसायचा. आणि नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी येणारे पेन्शनर! ज्यांची बोटं मशीनवर उमटत नाहीत त्यांच्यासोबत अर्धा-अर्धा तास जायचा, आणि गावातली निम्मी भांडणं त्यात कळायची.

राहिला तो मोबाइल नंबर. अर्ज बँकेच्या आणि अप्रेंटिसशिपच्या सरकारी संकेतस्थळांवरच होतात. स्टेट बँकेची फी 300 रुपये होती, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना तीही नाही. भरायची ती अर्जासोबत ऑनलाइन, कुणा साहेबाच्या यूपीआयवर नाही. हे मामांना फोनवर सांगत होते तर मागून मामेभाऊ म्हणाला, "ताई, मी काल 500 पाठवले." लगेच 1930 हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावायला सांगितलं, बँकेतही तक्रार टाकायला लावली. कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तर पूर्ण पैसे परत, हा नियम त्याने कुठेतरी वाचला होता. तो त्याला लागू नाही; पैसे त्याने स्वतःच्या हाताने, स्वतःचा पिन घालून पाठवलेत.