नेट स्लो असलेल्यानं विंडोज डाउनलोड करूच नये

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हापासून जत तालुक्यात कुठंही गेलो की एकच मागणी, "दादा, विंडोज अकरा टाकून द्या की." आणि पुण्यातल्या मित्रांचं एकच उत्तर, "फायबर घ्यायला सांग ना त्यांना." ज्या वस्तीवर टँकरची वाट बघावी लागते तिथं फायबर कुठनं आणू, बाबा?

माझं मत सरळ आहे. ज्याचं नेट स्लो आहे त्याला ऑपरेटिंग सिस्टिम डाउनलोड करायला लावूच नये. चांगल्या लाइनवर एकानं एकदाच उतरवावी, तपासावी आणि बाकीच्यांना पेनड्राइव्हवर द्यावी.

हिशेबच बघा. विंडोज ११ ची आयएसओ फाइल, म्हणजे अख्खी सिस्टिम एकाच फाइलमध्ये, पाच जीबीच्या वर. मोबाइलचा पॅक दिवसाला दीड जीबीचा. तो संपला की स्पीड येतो ६४ केबीपीएसवर, आणि त्या स्पीडनं अख्खी फाइल उतरवायची म्हटली तर आठवडा जाईल. त्यात मायक्रोसॉफ्टच्या साइटवरची लिंक चालते फक्त २४ तास. म्हणजे निम्मी फाइल आली, रात्री लाइट गेली, राउटर बसला, की सकाळी पुन्हा पहिल्यापासून. हे नियम ठरवणाऱ्यांच्या घरची लाइट बहुतेक जात नसावी.

लिनक्स म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम. लिनक्सवाल्यांचं यात बरं आहे. उबंटू, डेबियन, मिंट हे तिचे प्रकार, सगळे टॉरेंट देतात. टॉरेंट म्हटलं की आपल्याकडं लोक पायरसीच समजतात, पण इथं ते अधिकृत आहे. फाइल तुकड्यातुकड्यानं येते, प्रत्येक तुकडा तपासला जातो, लाइट गेली तरी आलेलं वाया जात नाही. एकच सावधगिरी : डेबियनची नेटइन्स्टॉल फाइल छोटी दिसते म्हणून भुलू नका. ती बाकीचा माल इन्स्टॉल करताना नेटवरनंच ओढते. आपल्यासारख्यांनी मोठी, पूर्ण आयएसओच घ्यावी. उबंटूवाले तर एकेकाळी जगभर फुकट सीडी पोस्टानं पाठवायचे. २०११ ला ते बंद झालं. मला ते आजही चुकीचं वाटतं.

पेनड्राइव्हवर घेताना लोक हमखास अडकतात ते इथं. ३२ जीबीचा ड्राइव्ह रिकामा असतो आणि तरी "फाइल टू लार्ज" येतं. ड्राइव्ह खराब नसतो, तो फॅट३२ या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेला असतो आणि त्यात चार जीबीच्या वरची एक फाइल बसत नाही. नुसती फाइल न्यायची असेल तर ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये सर्टयुटिल या विंडोजमधल्याच कमांडनं फाइलचं एसएचए२५६ काढा, म्हणजे फाइलचा ठसा; फाइल जरा बदलली तरी तो बदलतो. ६४ अक्षरं-आकडे येतात, ते डाउनलोडच्या पानावरच्या आकड्याशी जुळले पाहिजेत. आम्ही एकजण मोठ्यानं वाचतो, दुसरा बोट ठेवून बघतो. एक अक्षर चुकलं तरी फाइल डिलीट. कंटाळवाणं आहे, पण कुणाच्या तरी "ॲक्टिव्हेटेड" म्हणजे चोरीच्या कॉपीपेक्षा हजारपट बरं.

शाळेच्या लॅबमध्ये दहा पीसी असतील तर विंडोजच्या सेटिंगमध्ये डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन चालू करा, लोकल नेटवर्कपुरतं. एका पीसीवर आलेलं अपडेट बाकीचे त्याच्याकडनं घेतात. मोबाइल हॉटस्पॉट असेल तर सेटिंगमध्ये कनेक्शन मीटर्ड, म्हणजे मोजून वापरायचं, करून ठेवा, नाहीतर सकाळी दहालाच पॅक संपतो.

आणि ज्यांचा पीसी अकराला चालतच नाही, टीपीएम २.० ही अकराला लागणारी सुरक्षेची चिप नाही, प्रोसेसर जुना, त्यांनी तो भंगारात घालू नये. दूध डेअरीचा हिशेब, पत्रं, यूट्यूब एवढ्याला मिंट पुरतं. त्याची फाइलही विंडोजच्या जवळपास निम्मी.

साताऱ्यात भिलारला २०१७ पासून घराघरांत पुस्तकं ठेवलीत, कुणीही जाऊन वाचावीत म्हणून. तर आपल्या गावच्या वाचनालयात एका कपाटात एक हार्डडिस्क ठेवायला काय हरकत आहे? लिनक्सची कॉपी वाटायला कायद्याची अडचण नाही. जत, कवठेमहांकाळ, आटपाडीकडं कुणाच्या वाचनालयात जुना पीसी पडून असेल तर कमेंटमध्ये गाव सांगा. तपासलेल्या फाइली मी घेऊन येतो, फक्त वाचनालय संध्याकाळी उघडं पाहिजे.