आठ माईक घेण्याआधी एक सुतळी घ्या

गेल्या आठवड्यात परभणीहून भाच्याचा फोन आला. "मामा, कापसाचे पैसे आलेत. आठ माईकचा संच ठरवलाय, परवा घेऊन टाकतो." १४ एप्रिलच्या आत त्याच्या ग्रुपला दोन भीमगीतं रेकॉर्ड करायचीत, ड्रमसेटसकट. आठच कशाला, असं विचारलं तर त्यानं एक फॉरवर्ड पाठवला: "ड्रमसेट रेकॉर्डिंगचे सहा सोनेरी नियम". हाच मजकूर आधी मला लातूर-नांदेडच्या वाजवणाऱ्यांकडूनही आला होता. तेव्हा सोडून दिला, ती माझी चूक झाली. आता घरातल्या लेकराचे पैसे चाललेत, म्हणून लिहितोय.

"प्रत्येक ड्रमला स्वतंत्र माईक हवाच, नाहीतर काम प्रोफेशनल होत नाही." हा पहिला नियम, आणि सगळ्यात जास्त नुकसान हाच करतो. लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडचा पहिला अल्बम १९६८ साली लंडनच्या ऑलिम्पिक स्टुडिओत रेकॉर्ड झाला. इंजिनिअर होते ग्लिन जॉन्स. त्यांची पद्धत आज त्यांच्याच नावानं ओळखली जाते आणि तिला तीन-चार माईक पुरतात. एक स्नेअरच्या (वाजवणाऱ्याच्या पुढ्यातल्या, चरचरीत आवाजाच्या ड्रमच्या) वर, एक फ्लोअर टॉमच्या (जमिनीवर उभ्या मोठ्या टॉम ड्रमच्या) बाजूनं स्नेअरकडं तोंड करून, एक बेस ड्रमला (पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमला) आणि लागलाच तर एक स्नेअरला. अट एकच: पहिल्या दोन्ही माईकचं स्नेअरपासूनचं अंतर सारखं पाहिजे.

ही अट कशासाठी, ते रविवारी भाच्याच्या खोलीत दिसलं. मंडपवाल्याकडून आठ माईक मागून आणून लावले होते. एकेक माईक ऐकला तर स्नेअर ठीक, सगळे चालू केले आणि मोबाईलच्या स्पीकरवर लावलं की रिकामा डबा वाजवल्यासारखं. मी सुतळी मागवली. तिचं एक टोक स्नेअरच्या मधोमध धरायला लावलं आणि वरच्या दोन्ही माईकपर्यंत मोजलं. एक ९० सेंटिमीटरवर, दुसरा १२४ वर. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे ३४ सेंटिमीटरला त्याला एक मिलिसेकंद लागतो. तेवढ्या उशिरानं आलेला तोच आवाज पहिल्यात मिसळला की ५०० हर्ट्झच्या (सेकंदाला ५०० कंपनांच्या) आसपासची लाट एकीकडं वर आणि दुसरीकडं खाली असते. दोन्ही एकमेकींना खातात. पुढं १५०० ला, २५०० ला तेच. स्नेअरचं अंगच जातं. दुसरा माईक सुतळीच्या मापानं ९० वर आणला, टॉमचे माईक बंद केले आणि तेच ठोके पुन्हा वाजवायला लावले. पोरगं हेडफोन काढून माझ्याकडं बघतच राहिलं.

प्रत्येक माईक अख्खा ड्रमसेट ऐकत असतो. टॉमवरच्या माईकलाही स्नेअर जातोच, जरा उशिरा जातो. आठ माईक लावले की एकच ठोका आठ वेगवेगळ्या वेळी नोंदला जातो. हे सांभाळता येतं, पण त्याला खोली चांगली लागते आणि हात बसलेला लागतो. अर्धं खरं मात्र कबूल करतो: मंडपात, मोठ्या स्पीकरसमोर, ड्रमपाशी वेगवेगळे माईक लागतात. तिथं वरून धरलेला माईक शिट्टी मारतो.

दुसरा नियम म्हणतो, "फेजची चिंता नको, सॉफ्टवेअरमध्ये नीट होतं." फेज म्हणजे लाटा एकमेकींशी जुळतात की नाही, तेच. स्नेअर जुळावा म्हणून ट्रॅक सरकवला की फ्लोअर टॉमचं जुळलेलं बिघडतं, कारण त्याची अंतरं वेगळी. बटणानं नीट होणारी गोष्ट एक आहे: स्नेअरला वरून आणि खालून असे दोन माईक असतील तर खालच्याची पोलॅरिटी उलटी करायची, म्हणजे लाटेचं वर-खाली उलटं करायचं. काडी पडली की ड्रमचं वरचं पान (ताणलेला पडदा) एका माईकपासून लांब जातं आणि खालचं पान दुसऱ्याकडं येतं, म्हणून.

"माईक पानापासून एक बोटावर." एवढ्या जवळून पानाचा तेवढाच तुकडा ऐकू येतो, खालचे सूर फुगतात आणि एखादी काडी चुकून माईकवर बसते ती वेगळीच. स्नेअरला कडेच्या वर दोन-तीन बोटं, तोंड पानाच्या मध्याकडं आणि माईकची पाठ हायहॅटकडं (पायानं उघडझाप होणाऱ्या झांजांच्या जोडीकडं). कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणारा माईक पाठीमागचं सगळ्यात कमी ऐकतो, त्याचा फायदा घ्यायचा.

"ड्रमला कंडेन्सरच लागतो." कंडेन्सर म्हणजे वीज लागणारा, बारीक आवाज टिपणारा माईक. सिंबलसाठी (झांजांसाठी), वरच्या माईकसाठी, चालेल, खरं आहे. पण स्नेअरवर जगभर दिसणारा शुअर एसएम ५७ हा १९६५ पासूनचा साधा डायनॅमिक, म्हणजे आत तारेची कॉइल असलेला, वीज न लागणारा माईक आहे. बेस ड्रमलाही बहुतेक डायनॅमिकच लावतात.

"भिंतीला अंड्यांचे ट्रे लावा, खोली साउंडप्रूफ होते." भाच्यानं दोन भिंती भरून टाकल्या होत्या. त्या पातळ पुठ्ठ्यानं फक्त वरचा चरचरीतपणा थोडा कमी होतो. १०० हर्ट्झची लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते, तिला ट्रे आहे की नाही हे कळतही नाही. बाहेरचा ट्रॅक्टर आत येतो आणि आतला ड्रम शेजाऱ्याकडं जातो, दोन्ही जसंच्या तसं. आपल्या घरांत खरी अडचण डोक्यावरच्या पत्र्याची असते. वरच्या माईकच्या अगदी जवळून आवाज पत्र्यावर आपटून परत येतो. आम्ही आजीच्या दोन जाड वाकळा दुमडून पत्र्याच्या खाली, थोडी फट ठेवून, आडव्या बांधल्या आणि गाद्या कोपऱ्यांत उभ्या केल्या. कूलर बंद. गर्मीनं जीव गेला, पण फरक टाळी वाजवूनच कळला.

शेवटचा म्हणे, "फँटम पॉवर लावली की डायनॅमिक माईक जळतो." फँटम पॉवर म्हणजे कंडेन्सरसाठी माईकच्या वायरमधूनच जाणारी वीज. वायर नीट असेल तर तिचे ४८ व्होल्ट दोन्ही तारांवर सारखेच येतात, कॉइलमधून करंट जातच नाही. जपायचं ते रिबन माईकला (आत धातूची पातळ पट्टी असलेल्या नाजूक माईकला), तेही वायर खराब असेल तर.

संच घ्यायचं रद्द झालं. चार माईक दोन दिवसांसाठी भाड्यानं आणायचे ठरलंय. स्नेअरच्या पानाला मधोमध बोट बुडेल एवढा खड्डा पडलाय. कापसाच्या पैशातून आता स्नेअर आणि बेस ड्रमची नवी पानं येतील, आणि ती चढवल्यावर प्रत्येक स्क्रूपाशी काडीनं टकटक करून सूर सारखा करायचं काम भाच्याला लावलंय.