आधी गोळी ठरवा, रायफल नंतर

कळपाच्या राखणीसाठी रायफल घ्यायची म्हटलं की चर्चा थेट कंपनी, दस्ता लाकडी की सिंथेटिक, दुर्बीण किती पॉवरची, इथूनच सुरू होते. मला हा क्रमच उलटा वाटतो. आधी विचारा: जनावर कोणतं, अंतर किती, आणि चुकलेली गोळी जाणार कुठे? राखणीचा बार आपल्याच मेंढ्या, कुत्री आणि घराच्या आसपास उडतो, म्हणून तिसरा प्रश्न सगळ्यांत मोठा. (त्या भागात ते जनावर मारायला कायद्याची परवानगी आहे का, हे याच्याही आधी. नसेल तर विषय तिथेच संपला.)

पॉइंट २२ एलआर (लाँग रायफल) हे छोटं काडतूस स्वस्त, आवाजही कमी, म्हणून 'कोल्ह्याला पुरते' असं सर्रास सांगितलं जातं. मला अजिबात पटत नाही. जेमतेम अडीच ग्रॅमची गोळी, ऊर्जा दीडशे-दोनशे जूल. जवळून नेमकी डोक्यात बसली तर ठीक, पण दोन बोटं इकडे-तिकडे झाली की जखमी जनावर झुडपात जाऊन तडफडत मरतं. शिवाय दगडावर, कडक जमिनीवर, पाण्यावरसुद्धा ती उसळते आणि भलतीकडेच जाते.

कोल्हा, कायोटी (उत्तर अमेरिकेतलं कोल्ह्यासारखं जनावर) यांच्यासाठी माझं मत सरळ पॉइंट २२३ रेमिंग्टन या काडतुसाला. ५५ ग्रेनची, म्हणजे साडेतीन ग्रॅमची गोळी, पण वेग सेकंदाला साडेनऊशे मीटरच्या वर आणि ऊर्जा २२ च्या जवळजवळ दहापट. धक्का कमी, त्यामुळे सराव करायला कंटाळा येत नाही, आणि दोनशे मीटरपर्यंत गोळी किती खाली येईल याचा फार हिशेब करावा लागत नाही. लांडग्याएवढं जनावर असेल तर पॉइंट २४३ विंचेस्टर, ९० ते १०० ग्रेन. राखणीला त्याहून मोठ्या काडतुसाचा हट्ट मला समजत नाही.

खरा फरक गोळीच्या बांधणीत आहे. पूर्ण धातूचं कवच असलेली गोळी स्वस्त मिळते, पण जनावरातून आरपार निघून मागच्या मेंढीपर्यंत जाऊ शकते. प्लास्टिकच्या टोकाची, पातळ कवचाची गोळी कोल्ह्याच्या छातीत शिरताच फुटते आणि बहुतेक वेळा आतच राहते. जमिनीवर आपटली तरी तिचे तुकडे होतात. म्हणून उसळण्याचा धोका कमी होतो, संपत नाही. टेकाडाच्या माथ्यावर, आभाळाच्या पार्श्वभूमीवर उभ्या कोल्ह्यावर चाप ओढायचाच नाही. त्याच्यामागे मातीचा उतार हवाच.

एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. दुर्बीण नळीच्या चार-पाच सेंटीमीटर वर असते. गाडीच्या बॉनेटवर रायफल टेकवली की दुर्बिणीतून समोरचं सगळं मोकळं दिसतं आणि गोळी मात्र बॉनेटलाच भोक पाडते. कुंपणाच्या फळीवर टेकवतानाही तसंच. त्यामुळे चाप ओढण्याआधी नळीच्या रेषेत नजर टाकून घ्या.

रात्री तर नुसते चमकणारे डोळे म्हणजे ओळख नव्हे. कुत्र्याचे डोळेही चमकतात, कोकराचेही. संपूर्ण जनावर दिसल्याशिवाय बोट चापावर जाताच कामा नये, मग कितीही कोकरं गेलेली असोत.

शिशाबद्दलही बोललं पाहिजे. फुटणाऱ्या गोळीचे बारीक कण मेलेल्या जनावरात राहतात आणि ते खाणारी गिधाडं, गरुड विषबाधेने मरतात. कॅलिफोर्नियात काँडोर गिधाडांच्या काळजीतून आधी त्यांच्या प्रदेशात आणि १ जुलै २०१९ पासून राज्यभर शिकारीसाठी शिशाच्या गोळ्या बंद झाल्या. तांब्याची गोळी हा चांगला पर्याय, पण ती त्याच वजनाच्या शिशाच्या गोळीपेक्षा लांब असते. नळीतल्या पिळदार खाचा गोळीला फिरवतात; १२ इंचात एक फेरा देणाऱ्या नळीतून सुटलेली लांब गोळी स्थिर राहीलच असं नाही, ८ किंवा ९ इंचात एक फेरा देणारी नळी बरी. आणि ती सहसा फुटत नाही, फुलते आणि आरपार जाते, तेव्हा मागचा उतार आणखी नीट बघावा लागतो. दोन-तीन प्रकारची काडतुसं आणा, शंभर मीटरवर कागदावर प्रत्येकाचे पाच-पाच बार टाका. ज्याची भोकं सगळ्यांत जवळजवळ पडतील, त्यावरच दुर्बीण शून्य करा (म्हणजे नेम आणि गोळी एकाच जागी लागतील अशी जुळवा) आणि पुढेही तेच काडतूस वापरा.